चार नंबरचा मान

नेरूरकर साहेबांच्या सीलला मुंग्या लागल्या आणि सगळा प्रकार उघडकीला आला. पण मुंग्यांपर्यंत जायच्या आधी साहेब कोण, सील कसलं आणि मुंग्यांना तिथं एवढं काय गोड लागलं, हे सांगायला हवं. उगाच मधूनच सुरुवात केली तर तुम्हीच मला झोडाल.

साल अठ्ठ्याऐंशी. रत्नागिरीत माळनाक्याजवळ काजू उत्पादकांच्या एका सहकारी संघाचं ऑफिस होतं. खाली गोदाम, वर ऑफिस आणि ऑफिसच्या कोपऱ्यात काचेची केबिन. त्या केबिनमध्ये कॉम्प्युटर. चपला बाहेर काढूनच आत जायचं असा नियम होता, आणि संघाचे चेअरमन आप्पा चाळकेसुद्धा वहाणा काढून, यंत्राला लांबूनच हात जोडून आत शिरायचे. यंत्र आलं त्या दिवशी नारळ फोडला होता, त्याचं पाणी कीबोर्डवर उडालं होतं, आणि तेव्हापासून स्पेसबार दाबला की चिकटायचा. पण ते कोणी बोलायचं नाही.

हे यंत्र चालवायची दमयंती मयेकर. मूळची मालगुंडची. दादरला मामाकडे राहून तिनं सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि संघानं तिला एक वर्षाच्या बोलीवर घेतली होती. वर्ष संपत आलं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी संचालकांची सभा होती, त्या सभेत तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. घरी पाठवलं तर मालगुंडला भावाच्या दुकानात बसायचं आणि नारळ मोजायचे. वहिनीनं गणपतीतच विचारून घेतलं होतं, "काय गो, नारळ मोजायला पण कोर्स लागतो का?" दमयंतीला ते वाक्य जेवताना, झोपताना, एसटीत, कुठेही आठवायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता यंत्राचं काम ऐका, अवघड काही नाही. खाली गोदामात विजेवरचा वजनकाटा होता. त्यावर पोतं ठेवलं की वजन वायरीतून वर यायचं आणि पडद्यावर उमटायचं. दुसरी सोय टेलिफोनची. राजापूरच्या शाखेत असंच, पण काट्याविना, एक मशीन होतं, ते कमाल मुकादम नावाचा कारकून सांभाळायचा. ट्रंक कॉल बुक करायचा, कमाल लायनीवर आला की एक बटण दाबायचं. मग थोडी शीळ, थोडी खरखर, आणि इकडचं वजन तिकडच्या पडद्यावर. वजन सांगायला जीप नको, माणूस नको. आप्पा हे सांगताना छाती फुगवून सांगायचे.

फक्त एक गोम होती. काटा बोलायला लागला की फोन मुका व्हायचा, म्हणजे माणसाचा आवाज यायचा, आकडा जायचा नाही. पोतं चढलं रे चढलं, की राजापूरला कमाल ओरडायचा, "दमयंतीबाई, गेलं! सगळं गेलं!" आणि मग मुंबईहून इंजिनियरला बोलवावं लागायचं.

इंजिनियर म्हणजे हरिश्चंद्र नेरूरकर. नाव हरिश्चंद्र, पण त्या नावाचा उपयोग त्यांनी रेशनकार्डापुरताच ठेवला होता. रातराणीनं यायचे, मारुती मंदिरापाशी उतरायचे, घावणे-चटणी खायचे, मग केबिनचं दार आतून बंद. तासाभरानं दार उघडायचं आणि काय सांगू, काटा चालतोय, फोन चालतोय, सगळं एकदम! आप्पा खूश होऊन दुरुस्तीच्या बिलाच्या कागदावर सही द्यायचे. "आता शेवटची झाडझूड करून घेतो," म्हणत साहेब पुन्हा पाच मिनिटं दार लावायचे, यंत्राच्या पेटीवर कागदी सील चिकटवायचे, त्यावर आपली वळणदार सही ठोकायचे, आणि संघाच्या खर्चानं सुरमई खायला जायचे. आठ दिवसांनी पुढचं वजन पाठवायला बसलं की फोन पुन्हा मुका. आठ महिन्यांत साहेब सहा वेळा आले होते.

"पण होतं काय साहेब नेमकं?" दमयंतीनं एकदा विचारलं.

"हवा," साहेब दातात काडी घालत म्हणाले. "तुमची समुद्राची हवा. खार आत जाऊन बसतो. तुम्हाला नाही कळायचं ते. आणि हे बघा, सील तोडलंत तर जबाबदारी माझी नाही, करारात लिहिलंय." मग आप्पांकडे वळून, जणू दमयंती तिथं नाहीच, असं म्हणाले, "चेअरमनसाहेब, इथं खरा तांत्रिक माणूस हवा. माझा मेहुणा सध्या मोकळाच आहे."

दमयंतीनं पडदा पुसायला घेतला. पण संतापला तो शिपाई आत्माराम रेवाळे.

आत्माराम पालीच्या बाजूचा, पंचावन्नचा, बारीक अंगाचा आणि मोठ्या तोंडाचा. आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेली. बंद पाकीट वाफेवर धरून उघडायचं आणि परत असं चिकटवायचं की लिहिणाऱ्यालाही कळू नये, ही विद्या त्याला येत होती. ती तो कशासाठी शिकला ते कोणी विचारलं नव्हतं.

"आमच्या हवेला नावं ठेवतो!" तो जिन्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकवत होता. "ह्याच हवेवर हापूस पिकतो, तो पेट्या भरून मुंबैला नेतो तवा खार लागत नाय काय ह्याला?"

बोलून झालं, पण ते त्याच्या मनातून गेलं नाही. आत खार बसलाय, तर तो काढायला नको? आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्याराची पूजा होते. ड्रायव्हर गाडी धुतो, न्हावी वस्तरा पुजतो, संघात टाइपरायटर आणि वजनकाटा पुसून त्यांना फूल वाहायची पद्धत होती. दमयंती त्या दिवशी रजेवर, मालगुंडला. आत्माराम केबिनसमोर उभा राहिला आणि त्याला वाटलं, सगळ्यांना आंघोळ, आणि ह्यालाच तेवढी नाय? त्यानं चहाच्या किटलीच्या वाफेवर सील अलगद सोडवलं, चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत दोन कार्डं जरा मोकळी दिसली, एकाला काट्याची वायर, दुसऱ्याला टेलिफोनची. ती त्यानं उपटून धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली. पुसताना प्रत्येक कार्डावरची एक इवलीशी काळी टोपी निघून हातात आली. तांदळाएवढी असेल नसेल. उभ्या तारांच्या जोड्यांची एक रांग होती, तिथंच कुठंतरी ती बसलेली असणार. कुठं? देव जाणे. आत्मारामनं डोकं चालवलं. दोन्ही टोप्या डावीकडून पहिल्याच जोडीवर बसवल्या, देवापुढच्या दोन समया ठेवाव्यात तशा सारख्या. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. मग झाकण लावून भाताची खळ केली आणि सील होतं तसं चिकटवून टाकलं. काम एवढं सुबक झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

दसऱ्याची सुट्टी झाली, शुक्रवारी दमयंती कामावर आली. बटण दाबलं. पडदा उजळला. खाली हाक मारून पोतं चढवायला सांगितलं. काही नाही. कमालला फोन लावला, बटण दाबलं, शीळसुद्धा नाही. आजवर निदान एक तरी चालायचं, आता दोन्ही गप्प. सोमवारी सभेत आप्पा राजापूरच्या सभासदांना हेच करून दाखवणार होते, पोतं इथं आणि आकडा तिथं. त्यासाठी साहेबांनाही मुंबईहून बोलावलं होतं. ती वायरी तपासायला मागं वाकली आणि तिला पंख्याच्या जाळीतून बाहेर डोकावणारी झेंडूची एक पाकळी दिसली.

"आत्मारामदादा!" तिनं हाक मारली ती गोदामापर्यंत गेली.

आत्माराम आला, पाकळी बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"उघडलंत?"

"पूजेला उघडला गो बाय. जरा."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे सगळाच."

दमयंती खुर्चीत बसली आणि तिला रडूच आलं. नुसते डोळे भरले असं नाही, चांगले हुंदके. नेरूरकर सोमवारी येणार, सील बघणार, बोंब मारणार, आणि तिच्या जागी तो मोकळा मेहुणा येऊन बसणार. आत्मारामनं आयुष्यात बऱ्याच जणांना रडवलं होतं, पण ते तोंडानं. आपल्या हातानं पोरीची नोकरी घालवली म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. निघालेल्या दोन टोप्यांपासून पहिल्या जोडीपर्यंत सगळं त्यानं सांगून टाकलं.

"मी सांगतो आप्पांना. मीच केलाय म्हणून सांगतो. मला काय, तीन वर्षांत घरीच जायचाय."

"तुम्ही सांगून फोन लागणार आहे का?" ती डोळे पुसत म्हणाली. "त्या टोप्या कुठं होत्या ते आठवतंय?"

"तां आठवला असता तर रडला कोण असता!"

यंत्राबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं एवढं तिला आठवत होतं. साहेबांनी ते कधी हातात पडू दिलं नव्हतं. "खोक्यात असेल," ती म्हणाली, "थर्माकोलबरोबर." त्यावर आत्मारामचा चेहरा आणखी पडला. यंत्राच्या खोक्यातलं थर्माकोल त्यानं ऑगस्टमध्येच घरी नेऊन गणपतीचं मखर केलं होतं.

शनिवारी सकाळी तो पालीहून पहिल्या गाडीनं आला तो अख्खं मखर डोक्यावर घेऊन. कंडक्टरनं मखराचंही अर्धं तिकीट फाडलं म्हणे. दुपारी ऑफिस सुटल्यावर दोघांनी केबिनमध्ये बसून मखर फोडलं, आणि डाव्या खांबाच्या पोटातून, सोनेरी कागदाखालून, चौघडी केलेलं पत्रक निघालं. इंग्रजी मोडकंतोडकं, छपाई पुसट, पण कोष्टक शाबूत. दमयंतीनं ते तीनदा वाचलं. दादरच्या कोर्सात मास्तरांनी हे एकदा घाईघाईत सांगितलं होतं, तेव्हा ते डोक्यावरून गेलं होतं.

"आत एक मोठी चिप आहे, ती एकटीच राबते," ती आत्मारामला सांगत होती, खरं म्हणजे स्वतःलाच. "काट्याला काही सांगायचं असलं की काट्याचं कार्ड तिला हाक मारतं. ती हातातलं काम टाकून तिकडे बघते, मग परत कामाला. फोनचं कार्डही तसंच हाक मारतं. पण हाक कुणाची ते कळणार कशावरून? तर प्रत्येकाला हाकेची वेगळी तार. दोन नंबरपासून सातपर्यंत. टोपी ज्या नंबरवर, त्या तारेवरून हाक. पाच आणि सहा डिस्कनं घेतलेत. एका नंबरवर दोघांना बसवायचं नाही, असं इथं जाड अक्षरात लिहिलंय."

आत्माराम मान हलवत ऐकत होता. "म्हंजे पालखी."

"पालखी कुठली?"

"शिमग्याची. आमच्या गावात पालखी घरोघर जाते, ती मानाच्या यादीनं. पयला मान ह्या घरचा, दुसरा त्या घरचा. एका वर्षी यादी लिवणाऱ्यानं चौथा नंबर दोन घरांना दिलान. दोन्ही अंगणांतनं एकदम हाक, 'आमच्याकडं आणा!' पालखी आंब्याखाली उभी. ना हिकडं, ना तिकडं. दुपार झाली, खांदे सुजले, दोन्ही घरांतला नैवेद्य निवला. शेवटी पालखी दोघांकडंही न जाता पाचव्या घरी गेली. त्यातला एक घर चाळक्यांचा. आप्पांचा बापूस सात वर्षं दुसऱ्या घराशी बोलला नाय."

"आणि तुम्ही दोन्ही टोप्या पहिल्या जोडीवर, म्हणजे दोन नंबरवर बसवल्यात."

"बसवल्या खऱ्या," आत्माराम ओशाळून म्हणाला. "दिसायला चांगल्या दिसत व्हत्या."

पत्रकात उपाय सरळ होता. पहिल्या कार्डाला, म्हणजे काट्याच्या, चार; दुसऱ्याला, म्हणजे फोनच्या, तीन. दमयंतीनं सील पुन्हा वाफेवर सोडवलं, यंत्राचा प्लग काढला, दोन्ही कार्डं उपसली आणि उजेडासाठी खिडकीशी नेली. तिनं काट्याचं कार्ड तिरकं धरलं, आणि तशीच थांबली.

आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. जांभ्याची लाल धूळ, पंखा ती आठ महिने आत ओढत होता. आत्मारामचं फडकं त्या बारीक तारांच्या मधे पोचलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक जोडीवर लालसर थर तसाच होता. फक्त चार नंबरची जोडी लख्ख सोनेरी चमकत होती. म्हणजे टोपी आठ महिने तिथंच बसलेली, धूळ आत गेलीच नाही. ते बरोबरच होतं, काट्याचा नंबर चारच.

मग तिनं फोनचं कार्ड तिरकं धरलं. तिथंही चार नंबर लख्ख.

"दादा," ती हळू म्हणाली, "चौथा मान दोघांना दिलाय. तुम्ही उघडायच्या आधीपासून."

आत्मारामनं चष्मा लावला. "आणि ह्या तीन नंबरावर ह्ये ओरखडे कसले?"

खरंच, फोनच्या कार्डावर तीन नंबरच्या जोडीवर बारीक ओरखडे होते, टोपी पुन्हा पुन्हा घालून काढल्याचे. दमयंतीनं मनात जुळवून पाहिलं. साहेब येतात, दार लावतात, टोपी तीनवर घालतात. सगळं चालतं. आप्पा सही देतात. मग शेवटची झाडझूड, टोपी परत चारवर, आणि वर सील. राजापूरच्या यंत्राला काटाच नाही, म्हणून कमालचं यंत्र कधी बिघडत नाही. समुद्र तर राजापूरच्या खाडीपर्यंत आत शिरलेला आहे, हवा तिथंही खारीच!

"अरे चोरा," ती म्हणाली. मग आणखीही काही म्हणाली, ते मालगुंडच्या बाजारात मासे घेताना शिकलेलं होतं आणि मी इथं लिहीत नाही. आत्माराम आदरानं बघत राहिला.

तिनं टोप्या चार आणि तीनवर बसवल्या, यंत्र चालू केलं. आत्माराम खाली पळाला, काट्यावर पोतं नव्हतं म्हणून स्वतःच चढला. पडद्यावर उमटलं, सत्तेचाळीस किलो दोनशे. कमाल शनिवारीसुद्धा शाखेत थांबला होता. शीळ, खरखर, आणि मग तो ओरडला, "आलं! सत्तेचाळीस दोनशे! एवढं हलकं पोतं कसलं हो?"

"आत्मारामदादाचं," दमयंती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी पोट धरून हसली.

आता आप्पांना जाऊन सांगावं, असं तुम्ही म्हणाल. पण काय सांगणार? सील आम्ही फोडलं, आणि आत आम्हाला धुळीत चोर सापडला? आप्पांचा साहेबांवर केवढा विश्वास! "सोमवारी चाललं म्हणजे झालं," असं दोघांनी ठरवलं. आत्मारामनं सील परत चिकटवलं. या खेपेला घट्ट बसावं म्हणून खळीत चिमूटभर गूळ घातला. गुळाचं काही त्यानं दमयंतीला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी नेरूरकर साहेब आले ते आधीच वैतागलेले. सोमवार म्हणजे खाणावळीत मासा नाही. पण काहीतरी बिघडलं की मुक्काम दोन दिवस लांबतो आणि बुधवार येतो, हा हिशेब त्यांना पाठ होता. सभा भरली. बारा संचालक, राजापूरचे पाहुणे, मध्ये आप्पा पांढऱ्या टोपीत. सगळे अनवाणी केबिनपाशी जमले. साहेबांनी यंत्राकडे पाहिलं आणि ते थबकले.

खिडकीच्या चौकटीवरून, टेबलाच्या कडेनं, यंत्राच्या पाठीवरून मुंग्यांची एक शिस्तशीर रांग चालली होती. थेट सीलपर्यंत. सीलच्या चारही कडांना मुंग्या बिलगल्या होत्या आणि साहेबांच्या सहीतला 'ह' निम्मा खाऊन झाला होता.

"हे काय आहे?" साहेबांनी नखानं कागद उचलला, तो पापडासारखा सुटून आला. त्यांचा आवाज चढला. "हा माझा डिंक नाही! सील फोडलंय! चेअरमनसाहेब, कुणीतरी आत हात घातलाय. आता हे मशीन चाललं नाही तर मी जबाबदार नाही. मी मागंच म्हणालो होतो, इथं तांत्रिक माणूस नाही!"

आप्पांचा चेहरा काळवंडला. पाहुण्यांसमोर! "कुणी उघडलं?"

आत्माराम पुढं सरकला, पण दमयंती त्याच्या आधी बोलली.

"मी उघडलं आप्पा. शनिवारी. चूक झाली."

"पाहिलंत?" साहेब म्हणाले.

"पण साहेब आलेच आहेत," दमयंती पुढं म्हणाली, चेहरा अगदी गरीब गाईसारखा करून, "तर त्यांनी सगळ्यांसमोर उघडावं आणि मी जे बिघडवलं असेल ते होतं तसं करून द्यावं. म्हणजे माझी चूक सगळ्यांना दिसेल."

"करा हो साहेब," आप्पा म्हणाले. "आज दार लावू नका. पाहुण्यांनाही बघू दे."

साहेबांनी जोरात स्क्रू काढले. झाकण उचललं. आतल्या बाजूला हळदकुंकवाची बोटं बघून चेकाळले, "बघा, बघा!" मग वाकून कार्डांकडे पाहिलं. काट्याचं चार. फोनचं तीन. त्यांचा हात चिमट्यासह हवेत राहिला.

आता मला सांगा, साहेबांनी करायचं काय? होतं तसं करायचं तर टोपी चारवर न्यायची, आणि बारा संचालकांच्या डोळ्यांदेखत फोन मुका पाडायचा. तीनवरच ठेवायची, तर मग हिनं बिघडवलं ते काय? कपाळावर घाम आला. वर पंखा फिरत होता.

"काय झालं?" आप्पा म्हणाले.

"काही नाही. तसं... ठीकच दिसतंय."

"मग हिनं बिघडवलं काय?"

साहेब स्क्रू गोळा करायला लागले. दमयंतीनं यंत्र चालू केलं. खाली पोतं चढलं. एक्क्याऐंशी किलो चारशे. ट्रंक कॉल लागला, शीळ, खरखर, आणि रिसीव्हरमधून कमालचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "एक्क्याऐंशी चारशे! आलं!" राजापूरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा हसायला लागले. दमयंतीनं तिथंच थांबावं, असं आत्मारामला वाटलं. त्यानं तिचा पदर हळूच ओढलासुद्धा. पण तिच्या कानात वहिनीचे नारळ वाजत होते आणि मेहुणा अजून मोकळाच होता.

"आप्पा, अजून होतं तसं झालेलं नाही," ती म्हणाली. तिनं यंत्र बंद केलं, चिमटा साहेबांच्या बोटांतून काढून घेतला, फोनच्या कार्डावरची टोपी उचलली आणि चारवर बसवली. "आठ महिने ही इथं होती. ह्या जोडीवर धूळ नाही, बघा. आणि ही तीनची जोडी बघा, सहा वेळा खरवडलेली."

पुन्हा यंत्र चालू. पुन्हा कमाल लायनीवर. पोतं काट्यावर चढलं, आणि रिसीव्हरमधून तो ओरडला, "दमयंतीबाई, गेलं! सगळं गेलं!"

साहेबांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, ही समुद्राची हवा..."

"हवा पाच मिनिटांमागं पण हीच व्हती," मागून आत्माराम म्हणाला.

आधी राजापूरचा एक पाहुणा हसला, मग सगळेच. आप्पा हसले नाहीत. ते कार्डाकडे बघत होते, बोट न लावता.

"आत्माराम, हे नंबर कसले?"

"मानाचे, आप्पा. पालखीच्या यादीसारके. चौथा मान दोघांना दिलेला हाय."

आप्पांनी मान वर केली. त्यांना तो आंबा आठवला असावा, निवलेला नैवेद्य आठवला असावा, सात वर्षं न बोललेला बाप तर आठवलाच असावा. त्यांनी साहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं की साहेब भिंतीला टेकले.

"ही यादी कुणी लिहिली?" आप्पा म्हणाले.

हरिश्चंद्र नेरूरकरांनी बॅग उचलली. ते दुपारच्या गाडीनं गेले, आणि आप्पांनी त्यांच्या कागदावर या वेळी सही केली नाही.

संचालकांची सभा पाच मिनिटांत उरकली. आप्पा बाहेर आले, दमयंतीला बोलावलं आणि तिच्यापुढं कोऱ्या कागदाची एक पट्टी ठेवली, साहेबांच्या सीलएवढीच.

"सही कर."

"कशावर?"

"पेटी उघडी कशी ठेवणार? सील हवं ना. ह्यापुढं तुझ्या सहीचं. कायम."

शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम सावकाश उच्चारला. दमयंतीनं पेन घेतलं. पट्टी एवढी अरुंद की 'मयेकर'मधला 'म' वाकडा आला, आणि तिला तो जन्मात काढलेल्या सगळ्या अक्षरांत सुंदर वाटला. मग तिनं टोपी तीनवर बसवली, झाकण लावलं, आणि मागं वळून बघते तर आत्माराम हातात वाटी घेऊन उभा. वाटीत गरम खळ.

"गूळ नाय घातलाय," तो म्हणाला.